पार्सल तीन दिवस बाल्कनीत? आधी दारात काय होतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: “आमच्याकडे कोविडचे रुग्ण पुन्हा वाढायला लागलेत. घरात 76 वर्षांचे सासरे, बायपास झालेली, मधुमेह, इन्शुलिन चालू. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. औषधांसकट प्रत्येक पार्सल मी तीन दिवस बाल्कनीत ठेवते, पत्रांवर सॅनिटायझर मारते, दुधाच्या पिशव्या ब्लीचच्या पाण्यात बुडवते, भाजी भांड्यांच्या साबणाने धुते. पेपर बंद केलाय, त्यावरून सासरे रुसलेत. बँकेच्या पत्रावरची शाई पसरून अक्षर गेलं. नवरा म्हणतो हे सगळं खूळ आहे. यातलं खरंच किती करायला हवं?”

ताई, बाकी सगळं नंतर, आधी इन्शुलिन. न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये राहायला हवं (फ्रीझरमध्ये नाही, गोठलेलं इन्शुलिनही फुकट जातं). तापलेल्या बाल्कनीत तीन दिवस ठेवलेल्या इन्शुलिनचा जोर कमी होतो, आणि कुपीकडे बघून ते नेहमी कळतंच असं नाही. कळतं ते साखर वर गेल्यावर. बाल्कनीत राहिलेली जी पेनं किंवा कुप्या असतील त्यांबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा, नव्या मागवा, तोवर साखर रोजच्यापेक्षा जास्त वेळा तपासा. डोस मात्र आपल्या मनाने चुकवू नका. औषधांचं पार्सल आलं की लगेच फोडायचं, औषध आत घ्यायचं, खोकं बाहेर टाकायचं, हात धुवायचे. इथे थांबण्यात फायदा काही नाही, तोटा मोठा आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारलंय की खोक्यावरचा विषाणू कसा मारायचा. नवऱ्याचं म्हणणं, खोक्यावर काही नसतंच. दोघांचीही नजर खोक्यावर आहे. कोविडसारख्या श्वासातून पसरणाऱ्या आजारात दारातली जोखीम बहुतांश खोकं आणणाऱ्या माणसाच्या आणि आपल्या मधल्या हवेत असते. उरलेली आपल्या हातापासून नाका-डोळ्यांपर्यंतच्या अंतरात. खोक्याचा नंबर त्यानंतर लागतो. तुम्ही सगळी मेहनत तिसऱ्या नंबरवर खर्च करताय, आणि प्रश्नात पहिल्याचा उल्लेखही नाही.

किती काळजी घ्यायची हे तीन गोष्टींवर ठरतं. साथ कोणत्या विषाणूची आहे, घरात कोण आहे आणि तुमच्या दाराबाहेरची जागा कशी आहे. चाळीच्या मोकळ्या गॅलरीत राहणाऱ्याचं आणि लिफ्टसमोरच्या खिडकी नसलेल्या बोळात दार उघडणाऱ्याचं गणित एक नाही. तुमच्याकडे सासरे आहेत, म्हणून तरण्याताठ्या घरापेक्षा थोडी जास्त खबरदारी घेणं योग्यच. फक्त ती योग्य जागी पडायला हवी.

आधी ते तीन दिवस कुठून आले ते सांगतो, म्हणजे भीती निम्मी होईल. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हा विषाणू वेगवेगळ्या पृष्ठभागांवर ठेवून मोजला. प्लॅस्टिकवर तो 72 तासांपर्यंत सापडला, स्टीलवर 48, पुठ्ठ्यावर 24 आणि तांब्यावर 4 तास. हेच आकडे व्हॉट्सअॅपवर फिरले आणि घरोघरी पार्सलं वाळत पडली. पण ‘72 तासांपर्यंत सापडला’ म्हणजे 72 तास तेवढाच धोकादायक राहिला असं नाही. प्लॅस्टिकवर विषाणू साधारण सात तासांत निम्मा होत होता. सात तासांनी निम्मा, चौदाने पाव, एकविसाने दोन आणे. तीन दिवसांनी सुरुवातीच्या हजारातला जेमतेम एक उरला होता. शिवाय सुरुवातीचा डोसही भरपूर होता, कारण मोजायला तो भरपूरच लागतो. दाराशी आलेल्या खोक्यावर कुणी तितका विषाणू ओतत नाही.

त्यानंतर हाँगकाँगमधल्या प्रयोगात साध्या छपाईच्या कागदावर तीन तासांनंतर जिवंत विषाणू मिळाला नाही, गुळगुळीत प्लॅस्टिकवर मात्र काही दिवस मिळत राहिला. कागद आणि प्लॅस्टिक यांत एवढा फरक का, हे मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी थेंबाच्या अंगाने पाहिलं. कागदात किंवा कापडात थेंब शोषला जातो, पातळ पसरतो आणि लवकर सुकतो. काचेवर, प्लॅस्टिकवर तो गोळा होऊन बसतो. ऑस्ट्रेलियाचा ‘विषाणू 28 दिवस टिकतो’वाला मथळाही तुमच्या वाचनात आला असेल. तो प्रयोग 20 अंशांत, पूर्ण अंधारात, अतिनील किरणं टाळून केलेला होता. त्याच प्रयोगात 40 अंशांवर विषाणू 48 तासांपलीकडे गेला नाही. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी कोणतं टोक जास्त लागू पडतं ते तुम्हीच बघा.

आता साखळी जोडून बघा. आणणाऱ्याला लागण झालेली हवी. तो खोक्यावर खोकलेला हवा किंवा तोंडाला लागलेला हात त्याने खोक्याला लावलेला हवा. तो विषाणू तुमच्या दारापर्यंत जिवंत राहायला हवा. त्यातला पुरेसा तुमच्या बोटांवर यायला हवा, बोटांवरही टिकायला हवा, आणि हात न धुता ते बोट नाकात, डोळ्यात किंवा तोंडात जायला हवं. प्रत्येक कडीला गळती आहे. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल 2021 मध्ये एकूण अभ्यासांवरून सांगितलं की विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागण्यातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. ही शक्यता शून्य नाही, म्हणून हात धुवायचे. पण त्यासाठी बाल्कनीचं गोदाम करायची गरज नाही. साखळीची शेवटची कडी, बोट ते नाक, पूर्णपणे तुमच्या ताब्यात आहे आणि साबणाच्या वीस सेकंदांत तुटते. आधीच्या कड्यांमागे धावण्यापेक्षा हिच्यावर जोर द्या.

आता दाराकडे येऊ. इथे मी जरा वेळ घेणार आहे.

बेल वाजली की घरात सगळ्यात आधी कोण उठतं? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, निवृत्त झालेली मंडळी. बाकीचे कामात असतात, निवृत्तांना वेळ असतो, शिवाय दारात दोन शब्द बोलायला माणूस मिळतो. म्हणजे ज्याला सर्वांत जपायचं तोच दिवसातून पाच-सहा वेळा अनोळखी माणसासमोर हातभर अंतरावर उभा राहतो. साथ चालू असेपर्यंत दार सासऱ्यांनी उघडायचं नाही, ही एक गोष्ट पाळलीत तरी तुमच्या सगळ्या ब्लीचपेक्षा जास्त काम होईल.

सेफ्टी डोअरच्या बाहेर, भिंतीला लागून एक स्टूल ठेवा आणि त्यावर प्लॅस्टिकचा ट्रे किंवा उथळ टब. चपलांचा स्टँड नको, पार्सल घसरून चपलांत पडतं. बेल वाजली की आतलं दार न उघडता सांगा, “दादा, स्टुलावर ठेवा.” सेफ्टी डोअरची जाळी हवा अडवत नाही. ती चोरासाठी आहे, विषाणूसाठी नाही. त्यामुळे आतलं दार उघडून जाळीतून गप्पा मारणं म्हणजे समोरासमोरच उभं राहणं. ओटीपी लागत असेल तर दाराच्या भिंगातून पार्सल दिसल्यावरच आतून सांगा. ‘खाली आलोय, ओटीपी द्या’ असा फोन आला आणि माणूस दिसत नसेल तर द्यायचा नाही. साथीच्या गडबडीत फसवणूक करणाऱ्यांचंही फावतं. पैसे आधीच ऑनलाइन भरलेले असले तर दारात थांबायचं कारणच उरत नाही.

पार्सल ठेवून तो गेला की लगेच दार उघडू नका. मोकळी गॅलरी असेल तर अर्धा मिनिट पुरे. बंद बोळ असेल आणि तो नुकताच तीन जिने चढून धापा टाकत उभा होता असं असेल, तर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि जिन्याची खिडकी कायम उघडी ठेवा. धाप लागलेला माणूस शांत उभ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त हवा बाहेर टाकतो, आणि बंद जागेत बारीक कण तो गेल्यावरही तरंगत राहतात. लिफ्टचंही तेच. पार्सल आणायला तुम्ही लिफ्टने गेटवर जाणार असाल तर वॉचमनच्या टेबलावरच्या खोक्यापेक्षा लिफ्टमधल्या सहप्रवाशाची चिंता करा. मास्क लावा, जमलं तर जिना वापरा. जुन्या इमारतींत गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची पद्धत होती. तिसऱ्या मजल्यावरून दूध, पाव, पेपर यांच्यासाठी ती आजही उत्तम चालते, फक्त दोरी मजबूत हवी आणि कपबशा मागवू नयेत.

समोरासमोर यावंच लागलं, तर एन-95 तुम्ही लावा आणि दोन पावलं मागे उभ्या राहा. पोस्टमनला स्पीड पोस्टची सही हवी असते. त्याच्या यंत्रावर बोटाने सही केलीत तर ते बोट ‘मळलेलं’ समजा आणि हात धुवेपर्यंत स्वतःच्या मोबाइलला लावू नका. ही फार नेहमीची चूक आहे. हात नंतर स्वच्छ धुतले जातात, मोबाइल तसाच राहतो आणि तोच कानाला, गालाला लागतो. मोबाइल पुसायचा तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घेऊन पुसा, थेट फवारू नका, स्पीकरच्या जाळीत जातं. सासऱ्यांची सरकारी पेन्शन असेल आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असेल, तर घरी माणूस बोलावून अंगठा देण्याऐवजी मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येतं. ही सोय नोव्हेंबर 2021 पासून आहे. अंगठा द्यावाच लागला तर दारात किंवा उघड्या गॅलरीत बसवा आणि बोट पूर्ण कोरडं करून द्या. सॅनिटायझरने ओलं बोट यंत्र घेत नाही, मग तो माणूस तुमच्याकडे पाचपट वेळ थांबतो.

गॅस सिलिंडर ही दारातली सर्वांत अवघड डिलिव्हरी, आणि तिचा विचार कुणी करत नाही. जड म्हणून तो माणूस थेट स्वयंपाकघरात येतो, वाकतो, सील काढतो, गळती बघतो. बंद खोलीत पाच मिनिटं, तेही श्वास फुललेला असताना. तो यायच्या आधी खिडकी उघडा, सासऱ्यांना आतल्या खोलीत बसवून दार लावा, तुम्ही मास्क लावा. तो गेल्यावर अर्धा तास खिडकी तशीच राहू दे. तपासणी सोडू नका, वजन आणि सील बघायचंच. टाकीची कड आणि मूठ साबणाच्या पाण्याने पुसा. याचा दुसरा उपयोग असा की व्हॉल्व्हच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले तर गळती कळते. सॅनिटायझर मात्र टाकीवर फवारायचं नाही, आणि हाताला लावलं असेल तर हात पूर्ण वाळेपर्यंत शेगडीकडे जायचं नाही. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, दिवसाउजेडी दिसतही नाही. चटका बसल्यावरच कळतं.

आता खोकं. स्टुलाशेजारी एक कटर आणि एक कचऱ्याची पिशवी कायमची ठेवा. खोकं बाहेरच फोडा, आतली वस्तू काढा, पुठ्ठा आणि बबल रॅप तिथेच पिशवीत. मग आत येऊन हात धुवा, आणि मगच वस्तूला पुन्हा हात लावा. एवढंच. घाई नसलेली वस्तू, म्हणजे कपडे, पुस्तकं, भांडी, एक रात्र बाहेर राहिली तरी पुरे, आणि तीही तुमच्या मनाच्या शांततेसाठी. ठेवाल तर पसरून ठेवा, थप्पी लावू नका. अमेरिकेत ग्रंथालयांसाठी झालेल्या चाचण्यांत एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर विषाणू सहा दिवसांनंतरही सापडला. सुटी पुस्तकं त्याच्या आधी स्वच्छ होत होती. तीन दिवसांची सातआठ पार्सलं एकमेकांवर रचलीत तर तुम्ही थांबण्याचा फायदा स्वतःच घालवता. ऊन मदत करतं, पण फक्त वरच्या बाजूला, आणि औषध, चॉकलेट, बॅटरी असलेल्या वस्तू उन्हात ठेवायच्या नाहीत.

हातमोजे घालू नका. मोज्यांवर विषाणू हातापेक्षा सुखाने राहतो आणि मोजे घातलेला माणूस बिनधास्त नाक खाजवतो. अतिनील दिव्याचे डबेही घेऊ नका. किरणं सरळ रेषेत जातात, घडीत आणि सावलीत पोहोचत नाहीत.

हात धुण्याबद्दल एकच सांगतो, कारण बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे. लोक तळवे चोळतात, अंगठा आणि बोटांची टोकं विसरतात, आणि नाकाला-डोळ्याला लागतात ती टोकंच. टोकं दुसऱ्या तळव्यावर गोल घासा, अंगठा मुठीत धरून फिरवा, अंगठी असेल तर सरकवून खाली साबण जाऊ द्या. साधा कोणताही साबण चालतो. या विषाणूचं बाहेरचं कवच स्निग्ध पदार्थाचं असतं. तेलकट कढईला साबण लावल्यावर जे होतं तेच त्या कवचाचं होतं, आणि कवच फुटलं की विषाणू निकामी. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल निदान 60 टक्के हवं. 95 टक्के म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. प्रथिनं मोडायला थोडं पाणीही लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं.

पत्रांवर सॅनिटायझर मारणं बंद करा. शाई विरघळते हे तुम्ही पाहिलंच, आणि एटीएमच्या पावतीसारखा थर्मल कागद तर काळा पडतो किंवा कोरा होतो. चेकबुक, पॅन कार्ड, कोर्टाची नोटीस अशा कागदावर हे झालं तर विषाणूपेक्षा जास्त मनस्ताप. कागदावर विषाणू सर्वांत कमी टिकतो, म्हणजे तुम्ही सर्वांत जास्त औषध सर्वांत निरुपद्रवी वस्तूवर मारताय. पाकीट फोडा, पाकीट टाका, पत्र वाचा, हात धुवा. यात वाईट वाटून घेऊ नका, ही खोड जुनी आहे. युरोपात कॉलऱ्याच्या साथींमध्ये पत्रांना भोकं पाडून गंधकाची धुरी देत किंवा व्हिनेगर शिंपडत. कॉलरा पाण्यातून पसरतो हे उमगायला वेळ लागला, तोवर बिचारी पत्रंच भाजली गेली.

नोटांचंही तसंच. इस्त्री करू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नका, नोटेतल्या सुरक्षा तारेमुळे ती जळते. रोख द्यावेच लागले तर नेमकी रक्कम पाकिटात घालून स्टुलावर ठेवा, म्हणजे सुट्ट्यांसाठी दारात थांबणं होत नाही.

दूध. पिशवी ब्लीचच्या पाण्यात बुडवायची नाही. पिशवीला कुठे बारीक छिद्र असेल किंवा जोड कच्चा असेल तर ते पाणी आत जातं, आणि कापताना कडेवर राहिलेलं ब्लीच दुधात उतरतं. पिशवी कोपऱ्याला धरा, नळाखाली ओली करा, बोटांनी साबण दोन्ही बाजूंना आणि विशेषतः ज्या कोपऱ्याला कापणार तिथे फिरवा, खळखळून धुवा, निथळू द्या. कात्री त्याच साबणाच्या हाताने धुवा. कापताना दूध कापलेल्या कडेवरूनच वाहतं, म्हणून धुणं कापायच्या आधी. पुढे दूध तुम्ही उकळणारच आहात, म्हणजे आत जायचं काही शिल्लक राहत नाही. दूध फाटेपर्यंत दाराबाहेर ‘विलगीकरणात’ ठेवण्याचा प्रकारही काही घरांत चालतो, तो अर्थातच नको.

भाजी साबणाने धुणं आजच थांबवा. पालेभाजीच्या सुरकुत्यांत, फ्लॉवरच्या गड्ड्यात, द्राक्षांच्या देठाशी साबण अडकतो, धुऊन जात नाही, आणि पोट बिघडतं. मग हगवण लागलेल्या मधुमेही माणसाची साखर सांभाळत बसा. देशातल्या अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या एफएसएसएआयनेही 2020 मध्ये हेच सांगितलं होतं की फळं-भाज्यांवर साबण किंवा जंतुनाशक वापरू नका. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, पालेभाजी निवडून तीन पाण्यांतून काढा, पाण्याच्या तळाशी माती दिसायची थांबेपर्यंत. मिठाचं किंवा हळदीचं पाणी मनाच्या समाधानाला हरकत नाही, विषाणूवर त्याचा भरवसा नको. आणखी एक, आणल्या आणल्या सगळी भाजी धुऊन ओलीच फ्रिजमध्ये कोंबू नका. कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते. एकतर वापरायच्या वेळी धुवा, नाहीतर धुऊन पंचावर पसरून पूर्ण सुकवा आणि मग ठेवा.

बाहेरून मागवलेलं शिजवलेलं जेवण आपल्या भांड्यात काढा, डबे बाहेर टाका, हात धुवा, वाफ येईपर्यंत गरम करा. 70 अंशांवर हा विषाणू पाच मिनिटांत संपतो. कोविड अन्नातून पोटात जाऊन होतो असं दिसलेलं नाही, पण तास-दोन तास प्रवास केलेलं जेवण गरम करणं इतर जंतूंसाठीही बरं.

मग ब्लीच वापरायचं कुठे? स्टुलावरचा ट्रे, बेलचं बटण, दाराची मूठ, बस्स. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के लिहिलं असेल तर 20 मिली ब्लीच आणि पाणी घालून एकूण एक लिटर, म्हणजे 0.1 टक्क्याचं द्रावण होतं. 4 टक्के असेल तर 25 मिली. औषधाच्या मापाने मोजा, अंदाजाने ओतू नका. आधी साबणाने पुसा, कारण मळ असेल तर क्लोरीन त्या मळावरच खर्च होतं. मग द्रावणाचं ओलं फडकं फिरवून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. नुसतं फवारून लगेच पुसलं तर फक्त वास येतो. द्रावण रोज नवं करा, उजेडात आणि उष्णतेत ते मरतं. संडास धुण्याच्या अॅसिडसोबत ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. मूठ पितळी असेल तर ब्लीच नको, साबणाचं पाणी पुरे. 2020 मध्ये 1 टक्का द्रावणाच्या ज्या सरकारी सूचना फिरत होत्या त्या कार्यालयं आणि सार्वजनिक जागांसाठी होत्या, तुमच्या दुधाच्या पिशवीसाठी नव्हत्या.

आणि माणसावर काहीही फवारायचं नाही. एप्रिल 2020 मध्ये आरोग्य मंत्रालयाने तसं स्पष्ट सांगितलं होतं, तरी काही सोसायट्यांच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांच्या अंगावर फवारे सुरूच होते. डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात, श्वासातला विषाणू तसाच राहतो. त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर उन्हाळ्यात स्टुलावर पाण्याची बंद बाटली ठेवा.

हे झालं बाहेरून आत. उलटही बघा. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर धोका त्या पोऱ्याला तुमच्याकडून आहे, जो दिवसभरात पुढे पन्नास घरं करणार. अशा वेळी ऑर्डरमध्येच लिहा की दाराबाहेर ठेवून जा, घरात रुग्ण आहे. सिलिंडर पुढे ढकलता आला तर ढकला. पार्सल परत पाठवायचं असेल तर बरं होईपर्यंत थांबा.

विषाणूचा प्रकार बदलला तर काय बदलतं, हेही सांगून ठेवतो. फ्लूचं वागणं ढोबळमानाने कोविडसारखंच, गुळगुळीत वस्तूंवर एक-दोन दिवस, कागद-कापडावर काही तास. पण उलट्या-जुलाबांची नोरोव्हायरससारखी साथ असेल तर त्या विषाणूला स्निग्ध कवचच नसतं. तिथे सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबणाने घासून वाहत्या पाण्याने धुणंच लागतं, आणि अन्न हाताळणाऱ्याचे हात हाच मुख्य मार्ग असतो. तेव्हा दारातल्या हवेपेक्षा बाहेरच्या न शिजवलेल्या खाण्याकडे जास्त बघायचं. केरळात 2018 मध्ये निपाह हा वटवाघळांकडून येणारा विषाणू आला तेव्हा वटवाघळांनी चावलेली फळं टाळायला सांगितलं होतं. तशी फळं धुवायची नसतात, फेकायचीच असतात.

राहिला पेपर. एप्रिल 2020 मध्ये राज्यात घरोघरी पेपर टाकायला बंदी झाली होती, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मग मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रं वगळून ती उठली. त्या वेळी माहितीच कमी होती. आज तसं नाही. छापखान्यातून घडी होऊन येणारा, पहाटे एका पोराने दारात टाकलेला कोरडा कागद ही तुमच्या घरात येणाऱ्या वस्तूंमधली सर्वांत कमी काळजीची वस्तू. उद्यापासून सुरू करा. इस्त्री नको, ऊन नको.

फक्त सासऱ्यांची एक सवय बघा. त्या पिढीत बरेच जण जिभेला बोट लावून पान उलटतात. तेवढं एक बोट साखळीतल्या सगळ्या कड्या गाळून थेट तोंडात जातं, दिवसातून चाळीस वेळा. नुसतं ‘करू नका’ म्हणून सवय जाणार नाही. बँकेत रोखपालाच्या पुढ्यात असतो तसा छोट्या वाटीत ओला स्पंज त्यांच्या खुर्चीजवळ, चष्म्याच्या घराशेजारी ठेवा, आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्यातलं पाणी बदला.